विरणारे स्वर, टिकणारे स्वर: बरोक ट्रान्सक्रिप्शनांची पियानो-मैफल कशी बांधावी

पेटीची एक पट्टी दाबून भाता मारत राहा. स्वर जसाच्या तसा उभा राहतो. आता तोच स्वर पियानोवर वाजवा आणि बोट न उचलता ऐकत बसा. हातोडी तारेवर आपटली त्या क्षणी तो सर्वांत मोठा होता, तिथून पुढे तो फक्त विरत जातो. पेडल धरा, बोट रुतवून ठेवा, त्याला पुन्हा फुगवता येत नाही. बरोक काळातलं (साधारण १६०० ते १७५०) ऑर्गनचं, व्हायोलिनचं किंवा गळ्याचं संगीत पियानोवर आणायचं, म्हणजे टिकणारे स्वर विरणाऱ्या वाद्यावर आणायचे. पुढचे बहुतेक सल्ले या एका गोष्टीतूनच निघाले आहेत.

बाखची इन्व्हेन्शन्स (दोन-तीन ओळींचे छोटे तुकडे) आणि दोन-चार फ्यूग (जिथे एकच चाल वेगवेगळ्या ओळींत एकामागून एक येते) ज्यांच्या हातात बसले आहेत आणि ज्यांना आता तासाभराची एकल मैफल करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी एक घोळ मिटवू

स्कार्लाटीच्या ५५५ सोनाटा, हँडेलचे सूट, बाखच्या सहा पार्टिटा (दोन्ही म्हणजे नृत्य-तुकड्यांच्या मालिका) ही सगळी रचना हार्पसिकॉर्डसारख्या पट्टीवाद्यांसाठी झालेली आहे. आपण त्या पियानोवर वाजवतो तेव्हा कागदावरचा एकही स्वर बदलत नाही. त्यामुळे त्यांना ट्रान्सक्रिप्शन म्हणत नाहीत. दुसऱ्या वाद्याचं किंवा गायनाचं संगीत कुणीतरी पियानोसाठी नव्याने लिहून काढलं, काही स्वर वाढवले, काही हलवले, की ते ट्रान्सक्रिप्शन.

असं करणं बाखशी अप्रामाणिकपणाचं आहे का, हा प्रश्न मैफलीनंतर हमखास येतो. उत्तर बाखनेच देऊन ठेवलं आहे. वायमारला असताना, १७१३-१४च्या सुमारास, त्याने विवाल्डी आणि इतर इटालियन संगीतकारांच्या कॉन्चेर्तोंची रूपांतरं केली, काही हार्पसिकॉर्डसाठी, काही ऑर्गनसाठी. पुढे स्वतःच्या एकल व्हायोलिनच्या ई मेजर पार्टिटाचं प्रिल्यूड त्याने उचललं आणि १७३१च्या २९ क्रमांकाच्या कँटाटात (गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेत) ऑर्गन आणि वाद्यवृंदाच्या हाती दिलं. एका व्हायोलिनच्या रचनेत ट्रम्पेट आणि नगारे आले! जो स्वतःच्या संगीताला इतक्या मोकळेपणाने नवे कपडे चढवत होता, त्याच्या नावाने सोवळं पाळायची गरज मला वाटत नाही.

निवड: मूळ वाद्य कोणतं होतं ते पाहा

बहुतेक जण रूपांतरकाराच्या नावावरून निवड करतात: बुसोनी हवा, लिस्ट हवा (दोघेही पियानोवादक-संगीतकार). मी उलट्या बाजूने जायला सांगतो. मूळ संगीत कशावर वाजत होतं, हे पाहून निवडा, कारण तुमच्या हातापुढची अडचण त्यावरून ठरते.

मूळ ऑर्गनचं असेल, तर अडचण स्वर टिकवण्याची आणि तीन ओळी दोन हातांत बसवण्याची. ऑर्गनवादकाचे पाय खालची ओळ वाजवत असतात, आपले पाय पेडलवर अडकलेले. मोठ्या कामांत लिस्टने केलेली सहा प्रिल्यूड आणि फ्यूगांची रूपांतरं आहेत (बीडब्ल्यूव्ही ५४३ ते ५४८; बीडब्ल्यूव्ही म्हणजे बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक). लिस्ट मूळ संहितेला फार चिकटून राहतो, म्हणून ती दिसतात त्यापेक्षा अवघड आहेत. लहान कामांत बुसोनीची दहा कोराल-प्रिल्यूड (कोराल म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चमधलं स्तोत्रगीत, त्याच्या चालीवर बांधलेली छोटी रचना). पहिल्यांदा हे क्षेत्र धुंडाळणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

मूळ एकल व्हायोलिनचं असेल, तर अडचण बरोबर उलटी. चार तारांवर जे जेमतेम सुचवलं आहे, ते दहा बोटांनी किती भरायचं? राखमानिनोव्हने १९३३मध्ये त्याच ई मेजर पार्टिटातले प्रिल्यूड, गाव्होत आणि जिग पियानोवर आणले, ते भरणं फार सुरेख आहे: मधल्या ओळी त्याच्या स्वतःच्या, पण मूळ व्हायोलिनची रेघ कुठेही झाकली जात नाही. आणि डी मायनर पार्टिटातला शाकोन, म्हणजे फिरत राहणाऱ्या खालच्या ओळीवर बांधलेला विस्तार. त्याच्याविषयी पुढे सविस्तर बोलू.

मूळ गाण्याचं असेल, तर शब्द आणि श्वास. १४७ क्रमांकाच्या कँटाटातल्या कोरालचं पियानोवादक मायरा हेस यांनी केलेलं रूपांतर जगभर वाजतं. महायुद्धाच्या काळात, १९३९ ते १९४६, लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्यांनी दुपारच्या मैफली चालवल्या, त्या काळाशी ही रचना कायमची जोडली गेली. ऐकायला सोपी, वाजवायला फसवी: तिप्पट लयीचा प्रवाह अखंड वाहतो आणि कोरालची चाल त्याच्या आतून, मधल्या ओळीतून वर यायला हवी. ती ओळ आधी जर्मन शब्दांसह गुणगुणा. जिथे गायक श्वास घेईल, तिथे हाताने श्वास घ्या.

पहिल्या मैफलीत एकच मोठं ट्रान्सक्रिप्शन ठेवा. बाकीची लहान. दोन मोठी घेतली की सहा महिन्यांत दोन्ही अर्धी कच्ची राहतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

प्रती जमवणं

दोन प्रती हव्यात: रूपांतराची आणि मूळ रचनेची. मूळ प्रत नसेल तर काम सुरूच करू नका. बाखचा कोणता स्वर आणि बुसोनीचा कोणता, हे एकदा पेन्सिलने वेगळं करा. मी बाखचे स्वर निळ्या रंगाने खुणावतो. अर्धा दिवस जातो, पण पुढचे कित्येक आठवडे वाचतात, कारण कुठला स्वर पुढे आणायचा आणि कुठला सावलीत ठेवायचा, याचं निम्मं उत्तर त्या निळ्या रंगातच असतं.

भारतीय कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालू राहतात. बुसोनी १९२४मध्ये गेला, राखमानिनोव्ह १९४३मध्ये, बाखची रूपांतरं करणारा सिलोती १९४५मध्ये. त्यांची जुनी छापील आवृत्ती इंटरनेटवरून उतरवून घ्यायला हरकत नाही. जर्मन पियानोवादक विल्हेल्म केम्फ मात्र १९९१मध्ये गेले, त्यांची सुंदर रूपांतरं विकतच घ्यायची.

लहानापासून सुरुवात: ‘इख रूफ त्सु दीर’

बुसोनीच्या दहांपैकी हे सर्वांत उपयोगी. एफ मायनर, फक्त तीन ओळी: वर चाल, मध्ये सोळांश स्वरांची सलग धार, खाली एकसारखी ठोके देत चालणारी खालची ओळ. बुसोनीने या संग्रहाच्या मथळ्यातच ‘चेंबर शैलीत’ असं म्हटलं आहे. खोलीत वाजवायचं संगीत आहे, हे विसरून कॅथिड्रलएवढा आवाज काढू नका.

कृती अशी.

१. वरची चाल एकटी, एका बोटाने, पेडलशिवाय वाजवा. लांब स्वर वाजला की तो विरताना ऐका आणि पुढचा स्वर त्या विरलेल्या उंचीवर ठेवा, मूळ उंचीवर नको. पहिल्यांदा हे जमत नाही, कारण बोटांना प्रत्येक स्वर नव्याने ‘म्हणायची’ सवय असते. हा एक सराव रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. यातून पियानोवर ओळ गायला लागते.

२. आता चाल आणि खालची ओळ, मधली धार सोडून. खालचे ठोके हलके, सारखे, जणू छातीतले. चालीच्या स्वराखाली ते कधीही उचंबळून येता कामा नयेत.

३. मधली धार एकटी, पण दोन्ही हातांत जशी वाटली आहे तशीच. हात बदलला हे ऐकू येता कामा नये. ध्वनिमुद्रण करा आणि डोळे मिटून ऐका. कुठे सांधा ऐकू आला, तिथे खूण करा.

४. तिन्ही एकत्र, अर्ध्या लयीत. बोटांनी जेवढं जोडता येईल तेवढं बोटांनीच जोडा. एका पट्टीवर मुकाट्याने बोट बदलण्याची सवय ऑर्गनवादकांना असते, ती इथे आपल्यालाही लागते. पेडल सर्वांत शेवटी.

पेडलविषयी मी हट्टी आहे. पहिले तीन आठवडे पाय जमिनीवर. पेडलने झाकलेली फट बोटांना कधीच कळत नाही. नंतर पेडल घ्याल तेव्हा तळापर्यंत दाबू नका. अर्ध्यावर, कधी पाव भागावर, आणि प्रत्येक हार्मनीला बदला. सोळांश स्वरांमध्ये लगतचे स्वर एकमेकांत मिसळून धूर व्हायला लागला की पाय वर.

याच संग्रहातलं ‘नुन कोम, देर हायडेन हायलांड’ (बीडब्ल्यूव्ही ६५९) पुढचं पाऊल. तिथे चाल अलंकारांनी इतकी सजली आहे की मूळ कोराल ओळखू येत नाही. म्हणून आधी तो साधा कोराल शोधून वाजवा, मग त्यावर बाखने किती नक्षी काढली हे हाताला समजतं. ख्याल ऐकणाऱ्याला हे सांगायला नको: बंदिशीचा मुखडा माहीत असला, तरच आलापातली वळणं रंगतात. ‘नुन फ्रॉइट ओइख’ मात्र सोळांश स्वरांची पळापळ आहे, तिथे कोराल मधल्या ओळीत दडलेला असतो आणि वरची धाव त्याच्यापेक्षा हलकी हवी. बहुतेक जण उलटं करतात.

मोठं काम: शाकोन

बाखच्या हस्तलिखितावर १७२० हे साल आहे. चार तारांच्या एका व्हायोलिनसाठी २५७ बारची, साधारण चौदा-पंधरा मिनिटांची रचना. पियानोवर दोन रूपांतरं सर्वांत जास्त वाजतात आणि ती एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकाला आहेत.

ब्राम्सने फक्त डाव्या हातासाठी केलं. १८७७मध्ये पियानोवादक क्लारा शूमानला लिहिताना त्याने म्हटलं होतं, की एकट्या डाव्या हाताने वाजवताना आपल्याला व्हायोलिनवादक असल्यासारखं वाटतं. तो एक सप्तक खाली गेला, बाकी जवळपास काहीच वाढवलं नाही. एक हात चार तारांसारखाच कोंडलेला, म्हणून ताण खरा. बुसोनीने दोन्ही हात आणि सगळा पियानो वापरला, इतका की व्हायोलिनची रचना आधी ऑर्गनवर गेली आणि तिथून पियानोवर आली, असं वाटतं.

तुम्ही पहिल्यांदा करणार असाल, तर ब्राम्स. हात लहान असेल किंवा ऑक्टेव्हच्या (एकाच स्वराच्या दोन सप्तकांतल्या जोडीच्या) सलग माऱ्याने मनगट दुखत असेल, तरीही ब्राम्स. बाक किंचित उजवीकडे सरकवा, म्हणजे डावा हात वरच्या पट्ट्यांपर्यंत अंगासमोरून मोकळा जातो. अंगठा वरच्या ओळीवर येतो आणि तो हाताचा सर्वांत मजबूत भाग आहे, हे वरदानच. फक्त त्याला ठोकू देऊ नका.

रूपांतर कोणतंही असो, पायऱ्या सारख्या.

पहिली पायरी: संपूर्ण रचनेतली खालची ओळ एकटी वाजवा. तबल्याच्या एकल वादनात सारंगीवर किंवा पेटीवर लहरा चालू असतो, तसा इथे चार बारचा खालचा आकृतिबंध फिरत राहतो आणि वर सगळा विस्तार होतो. सुरुवातीला तो आपल्या भाषेत साधारण असा: सा, सा नी, सा ध, म प, सा, धैवत कोमल, निषाद शुद्ध. पुढे तो बदलतो, कधी सा वरून कोमल निषाद, कोमल धैवत, पंचम असा उतरतो, कधी अर्ध्या स्वरांनी घसरतो. प्रत्येक बदल प्रतीवर लिहा. हा लहरा मनात चालू असेल, तर वाजवता वाजवता हरवायची भीती राहत नाही, कारण कुठूनही पुढच्या समेवर येता येतं.

दुसरी: लय. तीन मात्रांचा ठेका, पण वजन दुसऱ्या मात्रेवर. रचना सुरूही दुसऱ्या मात्रेवर होते, पहिली मात्रा मनातच मोजायची. ती न मोजता हात टाकला, की पहिला स्वरच समेसारखा ऐकू येतो आणि सगळा चाल-ढंग बिघडतो. मी विद्यार्थ्यांना उभं राहून चालायला लावतो: एक रिकामा, दोनवर पाऊल.

तिसरी: तीन प्रदेश ओळखा. बार १३२पर्यंत डी मायनर, १३३ ते २०८ डी मेजर, २०९पासून पुन्हा मायनर. मेजर जिथे उघडतो तिथे बुसोनीने ‘क्वाझी त्रोम्बोनी’ असं लिहिलं आहे: ट्रॉम्बोनसारखं, पण हळू. ट्रॉम्बोन हळू वाजतात तेव्हा कसे लागतात ते एकदा प्रत्यक्ष किंवा मुद्रणातून ऐका. गोल, श्वासाने भरलेला, कडा नसलेला आवाज. पियानोवर तो आणायचा, तर चारही बोटं पट्टीला आधी लावून एकत्र खाली न्यायची. या एका पानावर मी आठवडा घालवायला सांगतो, कारण ऐकणाऱ्याच्या लक्षात संध्याकाळभर हेच पान राहतं.

चौथी: आवाजाचा सर्वांत मोठा क्षण एकच ठरवा. बुसोनीच्या प्रतीत मोठ्या आवाजाची खूण इतक्या ठिकाणी आहे, की सगळ्या पाळल्या तर बाराव्या मिनिटाला देण्यासारखं काही उरत नाही. माझ्या मते तो क्षण अगदी शेवटी, मूळ विषय परत येतो तिथे. बाकी सगळीकडे एक पायरी कमी.

पाचवी, ऑक्टेव्ह. ऑर्गनवर एक पट्टी दाबली, की निवडलेल्या पायपांनुसार खालचं किंवा वरचं सप्तकही त्याच बरोबर वाजू शकतं. बुसोनीचे ऑक्टेव्ह हे त्या पायपांचं चित्र आहे. म्हणून दोन्ही स्वर सारख्या वजनाने ठोकायचे नाहीत. डाव्या हातात वरच्या स्वराला वजन द्या, खालचा नुसता रंग म्हणून. उजव्या हातात बहुधा करंगळी उजळ, अंगठा मागे. एवढ्या बदलाने दणदणाट जाऊन ऑर्गन ऐकू यायला लागतो आणि हातही थकत नाही. मनगट दुखलं, तर त्या दिवशी तिथेच थांबा. दुखत्या हाताने केलेला सराव उलट मागे नेतो.

वेळ: ब्राम्ससाठी चार महिने, बुसोनीसाठी सहा ते आठ. पाठ झाल्यावर महिनाभर बाजूला ठेवून पुन्हा काढायला वेळ हवा, तो यात धरला आहे.

क्रम लावणं

स्वरांच्या पट्टीवर लक्ष ठेवा. बाखने केलेलं मार्चेल्लोच्या ओबो कॉन्चेर्तोचं रूपांतर (बीडब्ल्यूव्ही ९७४) डी मायनर, शाकोन डी मायनर. दोन्ही घेतली तर एक पहिल्या अर्ध्याच्या आरंभाला, दुसरं मैफलीच्या शेवटाला, आणि मध्ये बराच प्रकाश हवा. मी असा क्रम सुचवेन: बीडब्ल्यूव्ही ९७४ने सुरुवात, म्हणजे रूपांतराची परंपरा बाखपासून आहे हे न बोलता कळतं. त्यातल्या संथ भागात वरचे अलंकार बाखने घातलेले आहेत आणि खालचे एकसारखे कॉर्ड घड्याळासारखे न होता श्वासासारखे व्हायला हवेत. त्यानंतर बुसोनीची तीन कोराल-प्रिल्यूड एकापाठोपाठ, टाळ्यांना जागा न देता. मग राखमानिनोव्हचं ई मेजर. मध्यंतर.

उत्तरार्धात रूपांतर नसलेलं काहीतरी हवंच. स्कार्लाटीच्या दोन-तीन सोनाटा किंवा हँडेलचा एखादा सूट. दोन-तीन ओळींचं हलकं पोत ऐकून कान स्वच्छ होतात आणि नंतरच्या शाकोनचे भरगच्च कॉर्ड खरोखर मोठे वाटतात. शाकोननंतर छापील कार्यक्रमात काहीही ठेवू नका. ब्राम्स आणि बुसोनी दोन्ही शाकोन एकाच संध्याकाळी वाजवायचा मोह होतो. श्रोते मुरलेले असतील तरच करा, एरवी दुसऱ्यांदा ऐकताना खोली खाकरायला लागते.

सभागृह आणि तो दिवस

मुंबई, कोकण किंवा गोव्यात पावसाळ्यात मैफल असेल, तर दमटपणाने पट्ट्या जड होतात, काही वर यायला वेळ लावतात. ट्यूनरला त्या दिवशी सकाळी बोलवा, आणि एसी संध्याकाळी जितका असणार तितका त्याआधी काही तास चालू ठेवायला सांगा. गार कोरड्या हवेत पियानो पुन्हा हलतो. दुपारी लावलेला आणि संध्याकाळी उतरलेला पियानो कोरालच्या लांब स्वरांत लपत नाही.

स्वतः तपासायच्या गोष्टी: उजवं पेडल नेमकं कुठून पकडायला लागतं (अर्ध्या पेडलचा सगळा सराव त्यावर अवलंबून), मधलं पेडल खरोखर खालचा स्वर धरतं का, सर्वांत खालच्या सप्तकाचा आवाज गुरगुरतो का. गुरगुरत असेल, तर ऑक्टेव्हच्या खालच्या स्वराला आणखी मागे न्या. मागच्या रांगेत एखाद्या जाणकाराला बसवून फक्त एक प्रश्न विचारा: मधली ओळ ऐकू येते का?

सभागृह कोरडं असेल, तर कोराल-प्रिल्यूड किंचित पुढे ढकलून वाजवा. चर्चमध्ये दोन-तीन सेकंद रेंगाळणारा प्रतिध्वनी संथ लयीला आधार देतो, तो इथे नसतो, आणि त्या लयीत पियानोचा स्वर पुढच्यापर्यंत पोहोचण्याआधीच संपतो.

शाकोनच्या आधी दोन मिनिटं मराठीत बोला. इतिहास सांगू नका. खालची चार बारची ओळ एकटी, दोनदा वाजवा आणि म्हणा की हा लहरा आहे, हा पुढची पंधरा मिनिटं फिरत राहणार आहे. आपल्याकडचा श्रोता आवर्तन ओळखतो. एवढं दिलं की तो तुमच्याबरोबर चालायला लागतो.

पुन्हा वाजवायची फर्माईश झाली, तर सिलोतीचं बी मायनर प्रिल्यूड. बाखचं एक लहानसं ई मायनर प्रिल्यूड त्याने उजव्या हाताच्या वाहत्या आकृतीत उतरवलं आणि सगळं दोनदा वाजवायला सांगितलं. पहिल्यांदा उजवा हात ऐकू द्या. दुसऱ्यांदा डाव्या हाताच्या कॉर्डमधली अंगठ्याची ओळ हळूच वर आणा, लांब स्वर विरेल तिथेच पुढचा ठेवत. शेवटचा कॉर्ड लागला की हात पट्ट्यांवरच राहू द्या आणि तो पूर्ण विरेपर्यंत पेडल सोडू नका.